खिचडीमागची दिल्ली

मुलांनो, शाळेतली खिचडी कुठून येते? आमच्या तिसरीच्या वर्गाने एका सुरात उत्तर दिलं, "चुलीवरून, बाई!" बरोबरच आहे की. पण त्या चुलीच्या मागे पार दिल्लीपर्यंत जाणारी वाट आहे. मी देशाचा कारभार शिकले तो याच वाटेने. डी.एड.ला नागरिकशास्त्र होतं, पण ते पेपरापुरतं.

मी पहिली-दुसरीत होते तेव्हा खिचडी नव्हती. महिन्याला ३ किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा, तोही ८० टक्के हजेरी भरली तर. अंगात कणकण असली तरी आई शाळेत का पिटाळायची, ते आता कळतं! केंद्र सरकारची ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. (तामिळनाडूत मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून मुलं शाळेत जेवत होती.) मग तांदळाची खिचडी कशी झाली? २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवणच द्या. पुढे २०१३ मध्ये संसदेने राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा केला आणि दुपारचं जेवण हा मुलांचा कायदेशीर हक्क झाला. सरकारने योजना आणली, न्यायालयाने बजावलं, संसदेने कायदा केला. कार्यमंडळ, न्यायमंडळ, कायदेमंडळ हे पाठ करून न कळलेले शब्द मला एका ताटात सापडले.

मग चटकच लागली. संविधानाची मराठी प्रत आणली. रोज रात्री दोन पानं, अडलं तिथे पेन्सिलीची खूण. माझं मत विचाराल तर सुरुवात सातव्या अनुसूचीपासून करावी. कोणतं काम केंद्राचं, कोणतं राज्याचं आणि कोणतं दोघांचं, याच्या तीन याद्या तिथे आहेत. शिक्षण पूर्वी राज्याच्या यादीत होतं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते दोघांच्या, म्हणजे समवर्ती सूचीत आलं. म्हणूनच आपल्या खिचडीचा तांदूळ केंद्राचा, आणि शिजवण्याच्या खर्चात केंद्राचे ६० रुपये असतील तर राज्याचे ४०.

आता हे पैसे द्यायचे की नाही, ते कोण ठरवतं? दर १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडतात ना, त्यात प्रत्येक खात्याची मागणी असते. त्या मागण्यांवर राज्यसभेत चर्चा होऊ शकते, पण मतदान फक्त लोकसभेत! कारण तिथले ५४३ जण थेट आपल्या मतांवर निवडून येतात. त्यातले ४८ महाराष्ट्राचे. खासदाराने प्रश्नावर तारा लावून मागितला, की मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्नही झेलावे लागतात. दूरदर्शन संचावर हा प्रश्नोत्तराचा तास मी सुट्टीत आवडीने बघते. गोंधळ असतो, पण उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

या वाचनाचा उपयोग झाला तो एका पावसाळ्यात. तांदूळ संपला आणि नवा येईना. चूल थंड. काही मुलांचं दिवसातलं पहिलं पोटभर जेवण तेच असतं, हे शिक्षकांना ठाऊक असतं. घंटा झाल्यावर ताटल्या घेऊन ती पोरं ओट्यावर बसायची, मग रिकाम्या ताटल्या दप्तरात घालायची. "येईल, येईल" एवढंच उत्तर मिळे. मग मी २०१५ चे नियम शोधून वाचले. धान्य नसल्यामुळे जेवण मिळालं नाही, तर त्या दिवसांचं धान्य आणि शिजवण्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मुलाला द्यावेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मुख्याध्यापकांच्या सहीने आम्ही अर्ज धाडला, त्यात तो नियम जसाच्या तसा उतरवला. आठवड्याने तांदूळ आला. अर्जामुळे आला की येणारच होता, कोण जाणे! बुडालेल्या दिवसांसाठी मात्र दोन स्मरणपत्रं लिहावी लागली.

त्याच नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, असंही आहे. ते वर्गात सांगितलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, म्हणजे किती मुठी?" दुकानातून तराजू मागून आणला. तिसरीतल्या मुठीने साडेतीन भरल्या.