स्वभावाची जुळवणी

निवृत्तीनंतर हाती आलेल्या भविष्यनिर्वाह निधीची तजवीज कशी करावी, या विवंचनेत मी असताना घाटकोपरच्या मेव्हण्यांनी आपल्या सल्लागाराचे नाव सुचवले. गृहस्थ अभ्यासू आणि सचोटीचे. परंतु इतके तडफदार की, माझी शंका पुरती मांडून होण्यापूर्वीच त्यांचा निर्णय झालेला असे. मेव्हण्यांचा पिंड व्यापाऱ्याचा, त्यांना ही त्वरा मानवे. मला मात्र प्रत्येक भेटीनंतर हुरहूर लागे.

पुढे मुलुंड पूर्वेच्या एका सल्लागार बाईंकडे गेलो. सेबीच्या 2013 च्या नियमावलीने नोंदणीकृत सल्लागारावर असे बंधन घातले आहे की, ग्राहकाची जोखीम पत्करण्याची इच्छा आणि तोटा सोसण्याची ऐपत या दोन्ही गोष्टी त्याने आधी तपासाव्यात. प्रश्नावलीत दुहेरी नकार वा उत्तर सुचवणारे प्रश्न नसावेत, इतकी बारीक दक्षताही तीत घेतलेली आहे, आणि तिचे मला मनापासून कौतुक वाटते. तथापि शांत खोलीत, पंख्याखाली बसून भरलेला कागद माणसाची किती ओळख देणार? बाजार पडल्यास काय कराल, या प्रश्नापुढे मी ‘थांबून राहीन’ अशी खूण केली होती. बाईंनी ती वाचली आणि पेन मिटून ठेवले.

“काका, 23 मार्च 2020 ला तुम्ही काय केलंत?”

त्या दिवशी सेन्सेक्स 3,934 अंशांनी, म्हणजे 13 टक्क्यांहून अधिक, कोसळला होता. लोकल आदल्या मध्यरात्रीपासून बंद होत्या, आणि रुळांलगतच्या आमच्या घरात गाड्यांचा आवाज नाही म्हणूनच झोप येत नव्हती. म्युच्युअल फंडाची होती नव्हती ती युनिटे विकण्याचा अर्ज मी भरत बसलो असता पत्नी एवढेच म्हणाली, “आज राहू द्या.” मी राहू दिले. हे सारे मी बाईंना सांगितले.

“मग पुढच्या वेळी काकूंना घेऊन या,” त्या म्हणाल्या.

सल्लागार आणि गुंतवणूकदार एकाच प्रकृतीचे असावेत, असे मेव्हणे आजही मानतात. माझे मत निराळे आहे: बोलण्याची गती जुळावी, पण घाबरण्याची वेळ जुळू नये, कारण दोघेही एकाच क्षणी धास्तावले तर आवरणारा कोण?

काकू आल्या, तासभर बोलल्या. समभागांचा वाटा बाईंनी एक चतुर्थांशावर आणला आणि कराराखाली स्वहस्ते एक कलम जोडले: विक्रीची सूचना माझ्याकडून आल्यास, ती अमलात आणण्यापूर्वी पत्नीशी बोलणे व्हावे. आम्ही दोघांनीही त्याखाली सही केली.