हाली नोटेवरच्या दोन सह्या

कळमनुरीच्या एका स्नेह्यांनी जमिनीच्या जुन्या कज्जाचे दस्त पाहावयास दिले, आणि फसली सनांच्या पावत्यांत हैदराबाद संस्थानच्या हाली चलनाच्या दोन नोटा हाती लागताच तो कज्जा तसाच राहिला. उर्दूच्या जोडीने मराठी, तेलुगू आणि कानडी अक्षरे. एकीवर सही गुलाम मुहंमद यांची, दुसरीवर मेलकोटे यांची. पहिले संस्थानचे अर्थमंत्री, पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल. दुसरे निजामाविरुद्धच्या लढ्यात कारावास भोगून १९५२ साली त्याच खात्याचे मंत्री झालेले. राज्य पालटले तरी हाली चलन काही काळ तसेच चालू राहिले, ही गोष्ट मला त्या काळातील कित्येक जाहीरनाम्यांहून अधिक बोलकी वाटते.

१९१८ पासून निघालेल्या या नोटा आरंभी इंग्लंडात आणि पुढे आपल्या नाशिकला छापल्या जात. शंभर कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदी, रुपयांस हाली ११६ रुपये १० आणे ८ पै हा सरकारी भाव. पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात बाजारास जाणाऱ्या शेतकऱ्याला तो शाळेत न जाताही पाठ असावा लागे. भारताशी झालेल्या १९४७ च्या जैसे थे करारानंतर निजाम सरकारने हिंदी चलन संस्थानात बेकायदा ठरविले, तेव्हा नदीचे पात्र केवळ मुलखाचीच नव्हे, तर पैशाचीही सरहद्द झाले.

त्या सरहद्दीपलीकडे उमरखेडला स्वातंत्र्यसैनिकांची छावणी होती, आणि तिचे स्मरण झाले की माझे मन नोटांवरून उठून थेट उमरीस जाते. ३० जानेवारी १९४८ रोजी, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, उमरीच्या हैदराबाद स्टेट बँकेवर त्या छावणीतील सैनिकांनी हल्ला करून लाखो रुपये हस्तगत केले. ज्या सत्तेचे नाव त्या पैशावर होते तिच्याच विरुद्ध तो पैसा खर्ची पडावयाचा होता. आणि निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या दहशतीत, उघड्या रानात वावरणाऱ्या त्या तरुणांनी पैपैचा हिशेब राखला, असे त्या लढ्यातील मंडळी अभिमानाने सांगत. हिशेबाचे हे शील मला त्या धाडसाहूनही थोर वाटते. सप्टेंबरात भारत सरकारची पोलीस कारवाई झाली; १७ तारखेला निजाम शरण आला.

मराठवाड्यातील घराघरांतून जुन्या दस्तांचे असे बस्ते अद्याप आहेत. त्यांतील हाली नोटा नाणी विकणाऱ्यास सुट्या देऊ नका. ज्या पावतीत त्या घडी घालून ठेवल्या असतील, त्या पावतीसकट जपा.