चार बाइटांची पोकळी

पर्लच्या सिसकॉलला आकडा दिला की पूर्णांक जातो, स्ट्रिंग दिली की तिचा पत्ता. उत्तर मावेल इतकी स्ट्रिंग आधीच लांबवून ठेवायची, हे या कामातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मला वर्षानुवर्षं छळतं ते त्यापुढचं: कर्नलनं भरून दिलेल्या बाइटांमधली रिकामी जागा.

माझ्याकडे अमरावतीला शिकायला येणारी अकोल्याची मुलगी परवा म्हणाली, "सर, मशीनची रॅम तं शून्य दाखवून राहिली." कॉल सिसइन्फोचा, ६४-बिट इंटेलवर क्रमांक ९९, जुन्या ३२-बिटवर ११६. एरर काही नाही. हेडर फाइलमधली फील्ड्स तिनं ओळीनं अनपॅकमध्ये उतरवली होती, एकही सुटलं नव्हतं. पण प्रोसेसची संख्या ८०व्या बाइटवर, तिच्यामागे दोन बाइटांचं पॅड, म्हणजे ८४ झाले. पुढचं फील्ड आठ बाइटांचं. ते ८८वरच बसतं. मधले चार बाइट हेडरात कुठेच लिहिलेले नाहीत, कंपायलर ते मुकाट्यानं सोडतो. तिनं ते सोडले नाहीत, म्हणून शेवटचं मेमरी-युनिट चार बाइट अलीकडून वाचलं गेलं. तिथे शून्य होतं, आणि रॅमला गुणायचं असतं त्यानंच. ३२-बिटवर ही पोकळीच नव्हती. अख्खा स्ट्रक्ट ६४ बाइटांचा, आता ११२.

हल्ली बहुतेक जण 'फ्री' कमांड चालवून तिचं आउटपुट रेगेक्सनं कापतात. एकदाच्या कामाला चालेल, मॉड्यूलमध्ये मला ते खपत नाही. दर वेळी नवी प्रोसेस उभी करायची, आणि छापण्याची मांडणी बदलली की सगळं कोसळणार. 'फ्री'ची मांडणी तर बदललीही आहे.

एक्सएसमध्ये सी लिहिलं तर कंपायलर ही पोकळी स्वतःच सांभाळतो. शहाणपणाचा रस्ता तोच. तरी माझा जीव अनपॅकमध्ये अडकलेला. एका ओळीच्या साच्यातून पूर्ण स्ट्रक्ट उलगडतो तेव्हा मला अभिमान वाटतो, आणि ती ओळ वाचताना जाणकारानं थबकावं अशी इच्छाही असते. पर्लच्या नोकरीची जाहिरात आमच्या भागात कित्येक वर्षांत दिसलेली नाही. ती इच्छा मात्र कमी झालेली नाही.

तिला मी साच्यात एक्सपुढे उद्गारचिन्ह घालायला लावलं आणि कंसात आठऐवजी मशीनचा स्वतःचा लाँग. मग तोच साचा दोन्हीकडे बरोबर वाचतो. तुम्हीही असा स्ट्रक्ट उतरवणार असाल, तर आधी चार ओळींचं सी लिहून ऑफसेटऑफनं प्रत्येक फील्डची जागा छापून घ्या.