गल्ल्यात बंदूक नको
वऱ्हाडातल्या सराफ-व्यापाऱ्यांना अनावृत पत्र

अमरावती-अकोल्याच्या सराफ आणि व्यापारी बांधवांनो,



सोनं तोळ्याला लाखावर गेलं तेव्हापासून शटर ओढताना तुम्ही दोन्ही बाजूंना नजर टाकता. अमरावतीच्या सराफ्यात काय आणि अकोल्याच्या गांधी रोडवर काय, हे कुणालाही दिसेल. कापसाच्या हंगामात जिनिंगवाल्यांची गत वेगळी नसते. नोव्हेंबर २०२१मध्ये अमरावतीत आणि मे २०२३मध्ये अकोल्यात दंगल पेटली, संचारबंदी लागली. ती धास्ती अजून मनातून गेलेली नाही. ‘मंग आमी काय हात बांधून उभं राहाव काय, भाऊ?’ हा तुमचा प्रश्न खरा आहे. म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो: भीती खरी आहे, पण गल्ल्याजवळची बंदूक हा तिच्यावरचा इलाज नाही.

परवाना मागण्याचा मार्ग तुम्हाला मोकळा आहे. अमरावती शहरात अर्ज पोलिस आयुक्तांकडे जातो, अकोल्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार अर्जदाराची पोलिस चौकशी होते, हत्यार कशासाठी हवं हे बघितलं जातं. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षं चालतो. हे सगळं तुमच्यापुरतं झालं. काउंटरवर उभी राहणारी मुलगी, चहा आणून देणारा पोऱ्या, लेकीचं मंगळसूत्र बघायला खेड्यावरून आलेली माय यांना त्या फाइलीत कुणी काही विचारत नाही. गोळी सुटली तर तिच्यासमोर पहिली तीच माणसं असतात.

आता दुकानातला व्यवहार बघा. बंदूक कुलपात ठेवली तर दरोड्याच्या वेळी ती हाताशी येत नाही. वेळ, माणसं, पळायची वाट, सगळं दरोडेखोरानं आधीच ठरवलेलं असतं. तुम्ही किल्ली शोधेपर्यंत काम आटोपतं. ती उघड्या ड्रॉवरमध्ये ठेवली तर दिवसभर ती प्रत्येकाच्या हाताशी असते: चिडलेल्या भागीदाराच्या, नव्या नोकराच्या, सुट्टीत दुकानी येऊन बसलेल्या नातवाच्याही. या पेचातून सुटका नाही.

हाताशी असलेल्या बंदुकीची किंमत महाराष्ट्रानं मोजली आहे. एप्रिल २००६मध्ये भाजपचे नेते प्रमोद महाजन यांच्यावर त्यांच्या सख्ख्या भावानं परवान्याच्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. फेब्रुवारी २०२४मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला तो एका खासगी कार्यालयात, आणि त्यात वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचं, परवान्याचं होतं. त्याच महिन्यात उल्हासनगरच्या पोलिस ठाण्यात गोळीबार झाला आणि तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. मागे वाद होता जमिनीचा. ऑक्टोबर २०२४मध्ये अभिनेता गोविंदा यांच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी त्यांच्या पायात शिरली. यात दरोडेखोर एकही नाही. भाऊबंदकी, जुना राग, जमिनीचं भांडण आणि एक निसटता क्षण, एवढंच आहे. उधारी, वाटणी, भागीदारी यांवरून आवाज चढला नाही असं दुकान वऱ्हाडात मला दाखवा. त्या चढलेल्या आवाजाच्या हाताशी बंदूक नसावी, एवढंच माझं मागणं आहे.

‘चोर काय परवाना काढून येते काय?’ नाही येत. सातपुड्यापलीकडून, बऱ्हाणपूरकडून देशी कट्टे इकडे उतरतात हे पोलिसांना ठाऊक आहे. ती वाट बंद करणं हे शासनाचं काम आहे आणि ते त्याच्याकडून करून घेण्याइतकं वजन तुमच्या संघटनांकडे आहे. प्रत्येकानं आपापली बंदूक घेतली की शासनाची ती जबाबदारी तुम्ही स्वतःच माफ करता.

कुणी म्हणेल, हत्यारबंदी ही तर इंग्रजांची देणगी. खरं आहे. १८७८च्या कायद्यानं आपल्याला निःशस्त्र केलं आणि गोऱ्यांना सूट दिली. तो अपमान होता आणि काँग्रेसनं आपल्या पहिल्या काही वर्षांतच त्याविरुद्ध ठराव केले. पण ती लढाई नागरिकाच्या इभ्रतीची होती, परक्या सत्तेशी होती. दुकानात समोर गिऱ्हाईक असतं. शिवाय हत्याराला शिस्त लागते हे अमरावतीला कुणी शिकवायला नको. १९१४पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं लाठी शिकवली ती रोजच्या घामातून. वर्षानुवर्षं एकही गोळी न झाडलेला हात ऐन दरोड्यात नेम धरेल, यावर माणसांचे जीव टांगू नका.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाच्या हत्याराची. पुढाऱ्यामागून कमरेला पिस्तूल लावलेला खासगी अंगरक्षक शोरूममध्ये शिरतो आणि सगळे मान खाली घालतात. अमेरिकेत उघड्यावर बंदूक बाळगायची मुभा बऱ्याच राज्यांत आहे, तरी तिथल्या टेक्सासमध्ये दुकानदार ठरावीक मजकुराची पाटी लावून ती दाराबाहेर थोपवू शकतो. स्टारबक्स या कॉफी-दुकानांच्या साखळीचे तेव्हाचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी २०१३मध्ये अनावृत पत्र लिहूनच ग्राहकांना बंदुका आणू नका अशी विनंती केली. टेक्सासमधल्याच एल पासोच्या आपल्या दुकानात २०१९मध्ये गोळीबारात माणसं मारली गेल्यावर वॉलमार्टनंही बंदुका उघड्यावर घेऊन येऊ नका अशी विनंती ग्राहकांना केली. आपल्याकडे परवान्यावर बंदूक मिळाली तरी ती मिरवायला, रोखायला नियमांची मनाई आहे. मग तुमच्या दुकानाच्या दारावर ‘हत्यारासह प्रवेश नाही’ अशी पाटी लावायला कुणाची भीती?

मागणं तीनच आहे. सराफ संघटनांनी एकत्र ठराव करून ही पाटी सगळ्या दुकानांवर लावावी. एकट्यानं लावली तर पुढारी रुसेल, सगळ्यांनी लावली तर रुसून जाणार कुठे? शटर बंद होण्याच्या तासाला बाजारात पोलिसांची गस्त लेखी मागावी आणि मिळेपर्यंत पाठ सोडू नये. आणि जिथे हत्यारबंद पहारा खरंच लागतो, तिथे तो शिकलेल्या गनमॅनकडे द्यावा, निवृत्त फौजी असला तर उत्तम. बारा-बारा तास उभं ठेवून तुटपुंज्या पगारावर राबवलेला माणूस तुमचं रक्षण करू शकत नाही. त्याचा पगार आणि त्याचा नियमित सराव हा धंद्याचाच खर्च धरा.

सोन्याचा विमा उतरतो, गेलेला ऐवज कधी सापडतोही. दुकानात गेलेला जीव भरून देणारी पॉलिसी नाही. ज्यांचा परवान्याचा अर्ज टेबलावर भरून ठेवलेला आहे, त्यांनी तो देण्याआधी दुकानातल्या सगळ्यांना एकदा बसवून विचारा: ही बंदूक इथे हवी का? त्यांचं उत्तर तुमच्या मताइतकंच मोलाचं माना.

आपला,
एक वऱ्हाडकर गिऱ्हाईक