बजबजच्या घाटावरून

परदेशी जाण्याची तयारी कोठून सुरू करावी, याविषयी प्रत्येकाचे मत निराळे असते. कोणी पारपत्रापासून आरंभ करतो, कोणी नव्या पेटीपासून, तर कोणी लोणच्याच्या बरणीपासून. माझ्या तयारीचा आरंभ मात्र बजबजपासून झाला, आणि तोही माझ्या मनाविरुद्ध.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी संशोधनासाठी फिलाडेल्फियास गेली, त्यास आता चार वर्षे झाली. तेव्हापासून दर आठवड्याला तिचे एकच पालुपद चालू आहे : "मावशी, जन्मभर तू मुलींना नकाशे शिकवलेस. आता एक तरी नकाशा पायांनी पाहा की!" मी भूगोलाची शिक्षिका होते, परंतु नेपाळपलीकडे माझे पाऊल कधी पडले नाही. एकदा, पुष्कळ वर्षांपूर्वी, एका देशाच्या कचेरीतून माझा प्रवेशाचा अर्ज दोन ओळींच्या पत्रानिशी परत आला होता. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. या खेपेस अमेरिकेचा परवाना हाती आला, तर अडचण दुसरीच उभी राहिली. आमच्या यजमानांची दोन वर्षांपूर्वी हृदयाची शस्त्रक्रिया झाली असून, इतका लांबचा विमानप्रवास नको, असे डॉक्टरांनी त्यांना बजावले आहे. म्हणजे जायचे तर मला एकटीने! वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, मध्ये एका परक्या विमानतळावर विमान बदलून! मी साफ नाही म्हटले. त्यांनी वाद घातला नाही. "उद्या आपण बजबजला जाऊन येऊ," एवढेच ते म्हणाले.

बजबजच्या एका तेलाच्या साठवण-केंद्रात त्यांची सारी नोकरी झाली. आम्ही राहतो दक्षिण कोलकात्यात. (आमच्या पिढीच्या तोंडी अजून कलकत्ताच येते, वाचकांनी क्षमा करावी.) तीस वर्षे ते रोज सियालदहच्या दक्षिण शाखेची गाडी पकडून जात-येत होते आणि मी मात्र मोजून चार वेळा तेथे गेले असेन. मनुष्य आपल्या घरापासून पंचवीस किलोमीटरवरचे गाव पाहत नाही आणि जवळजवळ तेरा हजार किलोमीटरवरच्या गावाची चिंता करतो, यात काही नवल नाही.

माझेरहाटचा पूल मागे पडला की ही गाडी शहराची कात टाकू लागते. ब्रेस ब्रिज, संतोषपूर, आक्रा अशी स्थानके जातात. शिंप्यांची कपड्यांची गाठोडी डब्यात चढतात, उतरतात. नुंगीचे नाव फटाक्यांसाठी सर्वांना ठाऊक आहे. मग लोहमार्ग संपतो. शेवटच्या स्थानकाच्या पाटीवर नुसते बजबज नाही. २०१३ सालापासून तेथे 'कोमागाता मारू बजबज' असे नाव आहे. एका जपानी जहाजाचे नाव बंगालमधील रेल्वेस्थानकाला का, हे ज्याला ठाऊक नसेल तो प्रवासी पाटीखाली क्षणभर थांबतोच.

ती कथा परदेशप्रवासाचीच आहे, पण उलटी. बाबा गुरदित्तसिंग यांनी भाड्याने घेतलेले हे जहाज एप्रिल १९१४ मध्ये हाँगकाँगहून निघाले आणि २३ मे रोजी कॅनडातील व्हँकुव्हर बंदरात पोहोचले. आत ३७६ हिंदी प्रवासी होते. त्यांत बहुतेक पंजाबातील शीख. आपणही त्याच साम्राज्याचे प्रजाजन, तेव्हा त्या भूमीवर उतरण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे त्यांचे म्हणणे. परंतु मायदेशातून अखंड प्रवास करून न आलेल्यास प्रवेश नाही, असा नियम कॅनडाने १९०८ साली केलेला होता. त्या काळी हिंदुस्थानातून थेट कॅनडास जाणारी सोयच नव्हती. म्हणजे नियमाचा अर्थ उघड होता. थोडेसे जुने रहिवासी सोडले तर कोणालाही किनाऱ्यास पाय लावू दिला नाही. दोन महिने जहाज बंदरात अडकून पडले आणि २३ जुलैला त्याला परत फिरावे लागले.

ते परत आले ते येथे. २९ सप्टेंबर १९१४ रोजी बजबजला त्यांना उतरवून परस्पर खास गाडीने पंजाबात धाडण्याचा सरकारचा बेत होता. महायुद्ध सुरू झाले होते, आणि परदेशातून अपमानित होऊन आलेली ही माणसे सरकारला धोक्याची वाटत होती. बहुतेकांनी गाडीत बसण्याचे नाकारले आणि गुरु ग्रंथसाहेब मस्तकी घेऊन ते कलकत्त्याच्या वाटेने चालू लागले. त्यांना वाटेतून मागे फिरवण्यात आले. संध्याकाळी स्थानकाजवळ गोळीबार झाला, आणि सुमारे वीस प्रवासी आपल्याच देशाच्या मातीवर पडले. गुरदित्तसिंग निसटले, कित्येक वर्षांच्या भूमिगत जीवनानंतर ते स्वतःहून सरकारच्या स्वाधीन झाले. १९५२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते येथील स्मारकाचे उद्घाटन झाले. ते कृपाणाच्या आकाराचे आहे आणि गावकरी त्याला 'पंजाबी मनुमेंट' म्हणतात. कॅनडाच्या पंतप्रधानांनी आपल्या संसदेत या अन्यायाबद्दल क्षमा मागितली ती २०१६ च्या मे महिन्यात, म्हणजे एकशे दोन वर्षांनी.

स्मारकापाशी यजमान बाकावर बसले. मी माझ्या पिशवीतल्या पारपत्राचा विचार करीत होते. त्यावर एक शिक्का बसला आहे, एवढ्यावर मी केवढी कुरकुर करीत होते!

याच गावी एक सुखाचे आगमनही झाले आहे. अमेरिका व युरोप पाहून स्वामी विवेकानंद मद्रासहून बोटीने बंगालमध्ये परतले, ते बजबजला उतरले आणि १९ फेब्रुवारी १८९७ रोजी येथूनच गाडीत बसून सियालदहला गेले. त्याआधीचा इतिहास मात्र तितकासा शोभिवंत नाही. १७५६ च्या डिसेंबरअखेरीस क्लाइव्हची फौज कलकत्ता परत घेण्यास निघाली असता येथला किल्ला आडवा आला. रात्री एक मद्यधुंद खलाशी एकटाच भिंत चढून आत शिरला आणि किल्ला पडला, असे सांगतात. साम्राज्ये कशाने उभी राहतात, ते पाहा!

घाटावर आलो तेव्हा ओहोटी लागली होती. हुगळीचे पात्र येथे चांगलेच रुंद आहे. एका अंगास ताग-गिरण्यांच्या जुन्या विटकरी भिंती, दुसरीकडे तेलाच्या टाक्या आणि जेट्टी, खालच्या बाजूला वीजकेंद्राच्या उंच चिमण्या. समोरच्या तीरावर बाउरिया. तिकडे जाणारी लाँच धक्क्याला लागली होती. कलकत्त्याच्या धक्क्यावरून समुद्राकडे जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला या घाटासमोरून जावेच लागते. वाळूचे दांडे सतत जागा बदलत असल्याने नदीची खडान् खडा माहिती असलेला वाटाड्या घेतल्याखेरीज येथे मोठे जहाज हलत नाही.

"सांग पाहू," यजमान म्हणाले, "तुझ्या फिलाडेल्फियाला पहिली मराठी बाई कोठून गेली?"

मी चमकले. आनंदीबाई जोशी! मुंबईहून गेल्या असतील, असे आपण गृहीत धरून चालतो. कारण मराठी माणसाचे परदेशी जाणे म्हणजे मुंबई बंदर. पण गोपाळराव जोशी तेव्हा टपाल खात्यात श्रीरामपूरला होते. नगर जिल्ह्यातले नव्हे, हुगळीकाठचे, कलकत्त्याच्या वरच्या अंगाचे. तेथल्या महाविद्यालयाच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी आपल्या जाण्याचा जाहीर जबाब दिला, आणि ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. अठरावे वर्ष पुरे होऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. त्यांची बोट या घाटासमोरून गेली. चार जूनला त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या.

त्या भाषणात त्यांनी लोकांच्या शंका स्वतःच मांडून एकेकीचे उत्तर दिले. त्यांतली एक शंका अशी की, तू एकटी का जातेस? दोघांनी जाण्याइतका पैसा नव्हता, आणि घरच्या माणसांना सांभाळणारे कोणीतरी मागे हवे होते. उत्तर इतके साधे! त्यांचे चरित्र काशीबाई कानिटकरांनी लिहिले आहे आणि श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ पासून घरोघरी पोहोचली आहे, तेव्हा ती सारी कहाणी येथे पुन्हा सांगत नाही. पण वाचताना जे आपण पटकन ओलांडून जातो, ते घाटावर उभे राहिले म्हणजे डोळ्यांपुढे येते. तेवढ्या मुलीने बोटीच्या कठड्याशी उभे राहून ही सपाट, मातकट किनार पाहिली असेल. आणि पुढे दोन महिन्यांच्या वाटेवर तिच्या भाषेत बोलणारे एकही माणूस नव्हते. गोपाळरावांनी पत्नीला शिकवले, पाठवले, हे त्यांचे श्रेय मोठेच. तरी त्यांच्या पत्रांतला जाच वाचवत नाही. आमचे यजमान त्या जातीचे नव्हेत, हे माझे भाग्य. त्यांचा हट्ट असतो, पण तो ते चहा पाजून करतात.

चहा आलाच. "मासीमा, चिनी देबो?" असे विचारून चहावाल्या मुलाने मातीची भांडी हाती दिली आणि मी पिशवीतून फिलाडेल्फियाचा नकाशा काढला.

ज्या वाचकांना असा प्रवास योजायचा असेल, त्यांना एक सुचवते : आधी स्थळांची यादी करू नये, आधी शहराची घडण समजून घ्यावी. फिलाडेल्फियाची घडण तर भूगोलाच्या शिक्षकाला आनंद व्हावा अशी आहे. विल्यम पेन याने १६८२ साली ती वसाहत आखली, ती पटावरच्या घरांसारखी. डेलावेअर आणि स्कूलकिल या दोन नद्यांच्या मध्ये सरळ रस्ते, मध्यभागी एक चौक आणि चारी बाजूंस चार. उत्तर-दक्षिण रस्त्यांना अंक, आडव्या रस्त्यांना बहुधा झाडांची नावे : चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. अंक मोजता येणारी बाई या गावात हरवणे कठीण! मधल्या चौकात आज नगरभवन असून त्याच्या मनोऱ्यावर पेनचा पुतळा आहे. जवळजवळ पंचाहत्तर अंश पश्चिम रेखावृत्तावर हे शहर बसलेले आहे. उन्हाळ्यात आपल्या घड्याळापेक्षा साडेनऊ तास मागे आणि हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे आमचे रात्रीचे जेवण होईल तेव्हा तेथे सकाळचा चहा. यजमानांच्या औषधांची आठवण करण्यास ही वेळ उत्तम.

डेलावेअरपासून चालत जाण्याच्या टप्प्यात ती विटांची इमारत आहे, जिच्यात १७७६ साली स्वातंत्र्याची घोषणा संमत झाली आणि १७८७ साली अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली. समोरच तडा गेलेली ती प्रसिद्ध घंटा. हे सारे मी पाहीनच. पण माझ्या यादीत पहिले नाव दुसरे आहे. ज्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली, ते १८५० साली स्थापन झाले होते. आज ते स्वतंत्र राहिलेले नाही, ड्रेक्सेल विद्यापीठात सामावले गेले आहे. त्याचे जुने दप्तर तेथे जपले आहे. त्यातच १८८५ च्या ऑक्टोबरातले ते छायाचित्र आहे : मध्ये कोणी राणी नाही, कोणी दासी नाही, हिंदुस्थानची आनंदी, जपानची केई ओकामी आणि सिरियाची सबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या वेषात. जुन्या कागदांसाठी आधी पत्र लिहून वेळ मागावी लागते, तेव्हा भाचीला तेवढे काम सोपवले आहे. एक दिवस रेल्वेने न्यूयॉर्कला आणि तेथून हडसन नदीच्या काठाकाठाने पोकिप्सीला जायचे आहे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाई गेल्या आणि त्यांची रक्षा तेथे कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवली गेली. वय, बावीस पुरे नाही.

हिवाळ्यात जाणार नाही, एवढे मात्र तेथेच ठरले. तिथल्या थंडीने आणि धुराच्या खोलीने त्या मुलीची प्रकृती ढासळली होती. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ बरा. झाडांची पानेही रंगलेली असतात. औषधांची नावे कंपनीची न लिहिता मूळ द्रव्याची लिहून घ्यावीत, प्रवासाचा आरोग्यविमा उतरवावा, गुडघ्यांसाठी चालण्याचे जुने जोडेच न्यावेत, नवे नकोत. लोणचे नेण्याविषयी घरात अद्याप एकमत झालेले नाही.

"आता लाँचने बाउरियाला जाऊन ये," यजमान म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"धक्क्याच्या पायऱ्या मला जमणार नाहीत. मी येथे बसतो. तू जा."

मी तिकीट काढले. लाँचवर सायकली होत्या, कोंबड्यांची एक टोपली होती, शाळेच्या चार मुली होत्या. मध्यावर आल्यावर पाण्याला चांगलीच ओढ जाणवली आणि मी कठडा धरला. मागे वळून पाहिले तर बाकावरचा पांढरा सदरा ओळखू येत होता. हात हलवताहेत की छत्री उघडताहेत, ते मात्र कळेना. पलीकडे उतरून मी दहा मिनिटे उभी राहिले, बंगालीत परतीच्या लाँचची वेळ विचारली, एकदा चुकीच्या रांगेत उभी राहिले आणि दुसऱ्या लाँचने परत आले.

"किती घेतले?" त्यांनी विचारले.

मी सुटे पैसे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते मोजले, खिशात टाकले आणि परतीच्या गाडीची वेळ पाहण्यास घड्याळ वर केले.