लंकेची पेठ

लंकेत सोन्याच्या विटा असतात, असे ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. कोलंबोत सोने आहेही. पण ते सी स्ट्रीटवरील सराफांच्या कपाटांत, आणि तेही तोलूनच मिळते!

तशी हल्ली कागदोपत्री राजधानी शेजारचे श्री जयवर्धनपुर कोट्टे. १९८२ पासून संसद तेथे भरते. बंदर, बाजार आणि वर्दळ मात्र कोलंबोचीच. पाहुण्याने सकाळ राष्ट्रीय संग्रहालयाला द्यावी. १८७७ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात कँडीच्या राजांचे सिंहासन आहे. मग बैरा सरोवराकाठचा गंगारामय विहार आणि ऐन पाण्यावर बांधलेले सीमा मलक पाहावे. त्याची रचना जेफ्री बावा या वास्तुशिल्पकाराची.

खरेदीसाठी मात्र पेट्टा गाठावा. तमिळ 'पेट्टै' आणि आपली 'पेठ' हे शब्द एकाच घरातले. त्यामुळे पुणेकराला तेथे परके वाटत नाही. दालचिनी घ्यावी ती जाड सालीची नव्हे. कागदासारख्या पातळ पदरांची, बोटांनी सहज मोडणारी. चहाच्या पुड्यावर तलवारधारी सिंह आहे ना, हे पाहावे. तो तेथील चहा मंडळाचा शिक्का. आणि नीलम? प्रमाणपत्राशिवाय मुळीच नको, असा हट्ट गृहिणींनी जरूर धरावा.

घासाघीस करताना एवढे मात्र ध्यानात असू द्यावे, की जुलै १९८३ मध्ये या शहरात तमिळांची घरे-दुकाने जाळली गेली आणि त्यानंतर भडकलेले युद्ध २००९ पर्यंत चालले. २०१९ च्या ईस्टरला जवळच्याच सेंट अँथनीच्या चर्चमध्ये बाँबस्फोट झाला. तरीही ते चर्च, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मशीद आणि सी स्ट्रीटवरील कोविले आजही पायी फिरून पाहता येतात. सिंहली गिऱ्हाईक मुसलमान व्यापाऱ्याकडून कापड घेते आणि तमिळ सराफाकडे मंगल कार्याचे दागिने पाहते. कोलंबोत बघण्यासारखे जे काही आहे, त्यात हे पहिले.

सायंकाळी गॉल फेसच्या मैदानावर जावे. समुद्राचा वारा, मुलांचे पतंग आणि कोळंबी लावलेले गरमागरम 'इस्सो वडे'! २०२२ साली महागाईने गांजलेली जनता याच हिरवळीवर ठाण मांडून बसली आणि राष्ट्राध्यक्षांना पद सोडावे लागले. त्या दिवसांचे चटके ज्यांनी सोसले, तेच आज आपल्याला वडे तळून देतात. तेव्हा मंडळी, पेठेत भाव खुशाल पाडा. पण वडेवाल्याशी घासाघीस नको.