पट्टी खाली घेतली त्याची गोष्ट

मार्च संपत आला की आमच्या बाभुळगाव तालुक्यात गायन पार्टीवाल्यांचे फोन वाजू लागतात. ११ एप्रिलला महात्मा फुले जयंती, १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, त्यानंतर या ना त्या खेड्यात मागे राहिलेली जयंती आणि मग बुद्धपौर्णिमा. या दीड महिन्यात आमच्यासारखा हौशी गायक जेवढे गातो, तेवढे उरलेल्या साडेदहा महिन्यांत गात नाही. पोटापाण्यासाठी मी लिपिक आहे. दिवसभर टेबलापुढे उभ्या असलेल्या माणसांना कागद समजावून सांगायचे, संध्याकाळी विहारातली कामे करायची आणि रात्री माईक धरायचा. कामे तीन, घसा एक. एवढे साधे गणित बी. कॉम. झालेल्या माणसाला वीस वर्षे सुटले नाही, याची आज लाज वाटते.

आम्हाला गाणे कुणी शिकवले नाही. घरात टेपरेकॉर्डर होता, हीच आमची शाळा. वामनदादा कर्डक, प्रल्हाददादा शिंदे, विठ्ठलदादा उमप हे आमचे गुरुजी, आणि या गुरुजींना आपले विद्यार्थी कोण हे ठाऊक नव्हते. वामनदादा आणि प्रल्हाददादा दोघेही २००४ साली गेले. विठ्ठलदादा २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच कोसळले आणि गेले. तेव्हा त्यांचे वय ७९ होते. त्या वयातही ते व्यासपीठावर उभे होते. एवढी वर्षे आवाज टिकतो कसा, हा प्रश्न आम्हा शिष्यांपैकी एकालाही पडला नाही. आम्ही त्यांचे शब्द घेतले, चाली घेतल्या आणि त्याबरोबर त्यांची पट्टीसुद्धा उचलली. प्रल्हाददादांचा आवाज पहाडी होता, पण तो त्यांचा होता. दुसऱ्याच्या मापाचा सदरा अंगात घालावा तसे आम्ही ते गाणे घशात घातले. सदरा उसवला तर दिसतो. घसा उसवलेला दिसत नाही.

शिवाय आमच्याकडे एक समजूत पक्की होती, अजूनही आहे. जो जास्त वर चढतो, त्याचे बाबासाहेबांवर जास्त प्रेम. दोन पार्ट्यांचा मुकाबला लागला की समोरचा काळी दोनमध्ये गायला तर आपण काळी तीनमध्ये गायचे. लोक शिट्ट्या मारतात, नोटा ओवाळतात. मानेच्या शिरा फुगलेल्या पाहून मागून कुणीतरी ओरडतो, "वा भाऊ, रगत ओतून रायला!" आणि आपल्याला ते खरेच वाटते.

तीन वर्षांपूर्वी जयंतीच्या काळात मी सलग पाच रात्री गायलो. पारा ४२-४३ अंशांवर, रात्रीही हवा कोरडी ठणठणीत, मंडपासमोरची धूळ उडून थेट तोंडात. चौथ्या रात्री वरचा सूर लावताना आवाज फाटला. ज्येष्ठमध चघळले, खडीसाखर तोंडात धरली आणि पाचव्या रात्री जोर लावून पुन्हा गायलो. सहाव्या दिवशी सकाळी पत्नीने चहाला हाक मारली. मी "हो" म्हणालो, पण तो "हो" मलाच ऐकू आला नाही.

आठवडा गेला तरी आवाज परतला नाही, आणि त्यातच आमची मोठी माय वारली. तिने मला लहानपणी कडेवर घेऊन विहारात नेले होते. त्रिशरण, पंचशील मी आधी तिच्या तोंडून ऐकले, पुस्तकातून नंतर. गेली काही वर्षे ती हसत हसत म्हणायची, "बाबू, माह्या मयतीत दुसऱ्या कोनाले म्हनू देजो नोको. तूच म्हनजो." मीही हसत हो म्हणायचो. तालुक्यातल्या कितीतरी घरच्या अंत्यविधीत मी वंदना म्हटली आहे. त्या दिवशी तिच्या पायथ्याशी हात जोडून उभा राहिलो, तोंड उघडले आणि नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला. चरचरल्यासारखा एक आवाज निघाला आणि थांबला. भोवती दीडेकशे माणसे गप्प उभी. तेवढ्यात माझ्या मागून माझ्या मुलीने सुरुवात केली. तेव्हा ती आठवीत होती. तिने आपल्या लहानशा आवाजात, घाई न करता, सगळी वंदना पार पाडली. माणसे तिच्या मागून म्हणत गेली. मी ओठ हलवत राहिलो. मोठ्या मायला दिलेला शब्द मी मोडला तो शिट्ट्यांसाठी, हे मला तिथे उभ्या उभ्या कळले.

पुढच्या आठवड्यात यवतमाळला जाऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवले. खरे तर आधीच जायला हवे होते. आवाज बसून दोन-तीन आठवडे झाले आणि सुधारला नाही, तर काढे पीत घरी बसू नये. साध्या सुजेपासून कर्करोगापर्यंत कारण काहीही असू शकते, आणि ते आत पाहिल्याशिवाय कळत नाही. डॉक्टरांनी नाकातून बारीक नळीची दुर्बीण घातली आणि माझेच स्वरतंतू मला पडद्यावर दाखवले. वीस वर्षे ज्यांच्या जिवावर मिरवलो, ते पहिल्यांदा पाहिले. लांबी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. दोन्ही तंतूंच्या कडेला समोरासमोर एकेक बारीकसा फुगवटा होता. बैलाच्या मानेला जुवाने घट्टा पडतो ना, तसाच, पण मऊ. कापायची गरज नाही, बोलण्या-गाण्याची रीत बदलली तर बहुतेकदा असे फुगवटे आपोआप जातात, असे त्यांनी सांगितले आणि आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या ताईंकडे पाठवले. घरी आल्यावर वाचनात आले की १६ एप्रिल हा जागतिक आवाज दिन असतो. ब्राझीलच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये तो सुरू केला. म्हणजे आपल्या जयंतीनंतर दोनच दिवसांनी. त्या दिवशी आमच्याकडचे निम्मे गायक खुणेने बोलत असतात!

त्या ताईंनी आधी गाण्याबद्दल काही विचारलेच नाही. खाता काय, झोपता केव्हा, पाणी किती पिता, हे विचारले. खर्ऱ्याचे मीच कबूल केले. सांगताना मान खाली गेली. समाजाला पंचशील देताना पुढे मी उभा, आणि खर्ऱ्याची पन्नी खिशात माझ्याच. ती त्या दिवशी सुटली. सुटली म्हणजे सहा महिने झगडून सुटली. दुसरे म्हणजे, कार्यक्रम संपल्यावर रात्री एक वाजता यजमानाच्या घरी झणझणीत रस्सा-भाकर खायची आणि तिथेच आडवे व्हायचे, हा आमचा रिवाज. आडवे झाले की पोटातले आम्ल वर चढते, थेट स्वरयंत्रापर्यंत येते आणि तंतू भाजतात. सकाळी आवाज घोगरा येतो तो पुष्कळदा यामुळे. आता मी कार्यक्रमाआधी संध्याकाळीच जेवतो. यजमान रुसतात. रुसू द्या.

पाण्याबद्दल आमची समजूत तर उलटीच होती. गाताना घोट घेतला की तंतू ओले होतात, असे आम्हाला वाटे. पाणी अन्ननलिकेतून जाते, तंतूंना त्याचा थेंबही लागत नाही. लागला तर ठसकाच लागेल. हळद-मिठाच्या गुळण्यांचेही तसेच, त्या घशाच्या वरच्या भागापुरत्या. तंतूंना ओलावा मिळतो तो अंगातून. म्हणून रात्रीच्या गाण्याचे पाणी सकाळपासून प्यायचे. साध्या पाण्याची वाफ मात्र तिथपर्यंत पोहोचते. आणि ते सारखे खाकरणे! माईक हातात घेतला की आम्ही आधी घसा खाकरतो, जणू वाद्य लावतो आहोत. प्रत्येक खाकरीला तंतू एकमेकांवर आपटतात. त्यापेक्षा आवंढा गिळावा. आवाज बसला असताना कुजबुजत बोलू नये, त्यानेही ताण पडतो. अगदीच बोलायचे तर हळू पण खऱ्या आवाजात बोलावे, नाहीतर पाटी घ्यावी. मी आठ दिवस पाटी घेऊन टेबलावर बसलो. कामे अडली नाहीत. उलट लोक कमी भांडले.

मग व्यायाम आले. अर्धा ग्लास पाणी, त्यात दोन बोटे बुडेल अशी प्यायची नळी, आणि त्या नळीतून "ऊ" म्हणत बुडबुडे काढायचे. मुलगी हसून हसून लोटपोट. पण त्यात हिशेब आहे. नळीतून हवा अडून मागे रेटते, त्यामुळे तंतू आपटत नाहीत, अलगद जवळ येतात. खांदे न उचलता पोटातून श्वास घ्यायचा. ओठ मिटून गुणगुणायचे आणि नाकाच्या मुळाशी झिणझिण्या येतात का ते पाहायचे. ताई म्हणाल्या, यासाठी पुष्कळजण ओंकार लावतात. मी म्हणालो, ताई, आम्ही तो घेत नाही. त्या जरा थांबल्या. मग मला सुचले, आपल्या पालीत अनुस्वार काय कमी आहेत? त्रिशरण घ्या, पावलापावलावर अनुस्वार. तो शेवटचा "म" ओठ मिटून लांबवला की हवी तीच गुंजन मिळते. ताईंनी ऐकले आणि म्हणाल्या, हेच करा. तेव्हापासून पहाटे पंधरा मिनिटे खालच्या सुरात, सावकाश, मी हाच रियाज करतो. मोठी माय अशीच म्हणायची, प्रत्येक अनुस्वार ओढून. तिचा आवाज सत्तरीतही फाटला नव्हता.

आता मुख्य गोष्ट, पट्टीची. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे शंभर ते सव्वाशे वेळा एकमेकांवर येतात, बाईचे दोनशेच्या आसपास. मी काळी तीनमध्ये गायचो. तिथे वरचा सा लागतो तेव्हा हा आकडा सुमारे ३७० होतो आणि कव्वालीत वरच्या मध्यमाला भिडलो की पाचशेच्या जवळ जातो. तेच गाणे काळी एकमध्ये घेतले तर वरच्या साला सुमारे २७७ आणि त्या मध्यमाला ३७०. खतावणी लिहिणाऱ्या माणसाला एवढा फरक पुरे होता. पण पेटीवाल्याला "काळी एक" सांगायला माझी जीभ उचलेना. हे हार मानल्यासारखे वाटत होते. पहिल्यांदा सांगितले तेव्हा त्याने पेटीवरचा हात काढला आणि विचारले, "काऊन, तब्येत बरी नाही काय?" मी म्हणालो, तब्येत बरी राहावी म्हणूनच.

त्या रात्री शिट्ट्या कमी पडल्या, हे खरे आहे. पुढच्या रांगेतली पोरे उठून गेली. पण गाणे झाल्यावर एक म्हातारे गृहस्थ जवळ आले आणि दुसऱ्या कडव्यातल्या एका शब्दाचा अर्थ विचारू लागले. वीस वर्षांत मला गाण्यातल्या शब्दाचा अर्थ कुणी विचारला नव्हता. ऐकूच गेला नसेल तर विचारणार कसा? भीमराव कर्डकांच्या काळापासून आंबेडकरी जलसा उभा राहिला तो न शिकलेल्या माणसाला विचार सांगण्यासाठी. तेव्हा जलसाकारांना लोकांशी बोलायचे होते. आम्हाला लोकांना दिपवायचे होते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती फुकटात होते. आपल्या मंडपात भोंगे लोकांकडे तोंड करून असतात आणि गायकाच्या कानात फक्त ढोलकी आणि गोंगाट. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत जोर लावतो. जुने शाहीर एक हात कानावर ठेवत, ते उगाच नव्हते. त्याने आपला आवाज आपल्याला ऐकू येतो. आता मी मंडपवाल्याला सांगतो, एक लहान पेटी माझ्याकडे वळव. त्याला त्याचे काही पडत नाही.

मुलीच्या बाबतीत मात्र आमच्या पार्टीला थोडे शिकावे लागले. बाईची पट्टी पुरुषाहून सहज चार-पाच सूर वर असते. मुलींना आम्ही आमच्याच पट्टीत कोरस म्हणायला लावत होतो. त्या खाली पुटपुटायच्या नाहीतर वर किंचाळायच्या, आणि आम्ही म्हणायचो, पोरींना सूर नाही. तसेच चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे. आवाज फुटत असतो त्या काळात त्यांना मुकाबल्यात पुढे करणे मी तरी बंद केले आहे.

सहा महिन्यांनी दुर्बिणीतून पुन्हा पाहिले तेव्हा एका बाजूचा फुगवटा गेला होता, दुसऱ्या बाजूला थोडासा राहिला होता. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा. मोठ्या मायच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला मी वंदना म्हटली. मुलगी शेजारी होती. तिचा सा काळी चारला आणि माझा काळी एकला, दोघांचा मेळ बसेना. शेवटी तिने अर्धी म्हटली, मी अर्धी.

येत्या एप्रिलसाठी आजपर्यंत अकरा गावांची बोलावणी आली आहेत. मी पाच घेतली, तीही एक दिवस आड. तिघांना नाही म्हणून कळवले. उरलेली तीन मुलींच्या पार्टीला दिली आहेत. पेटीवाला काल विचारत होता, त्यांची पट्टी कोण ठरवणार? मी म्हणालो, त्यांनाच विचार.